आलेप्पीचं बॅकवॉटर बघायचंय? मग आधी सरकारी बोटीत बसा

केरळ म्हटलं की आपल्याकडच्या लोकांचा प्लॅन ठरलेला असतो, मुन्नार, थेक्कडी आणि शेवटी आलेप्पीला एक रात्र हाऊसबोट. हाऊसबोट वाईट नाही, पण वेंबनाड तळं, म्हणजे आलेप्पीचं मुख्य बॅकवॉटर, नीट बघायचं असेल तर माझं स्पष्ट मत असं की पहिला नंबर सरकारी फेरीबोटीचा, हाऊसबोट नंतर, तीही बजेट असेल तर. कारण सांगतो. हाऊसबोटींना संध्याकाळी साडेपाचच्या आसपास काठाला लागावंच लागतं, कारण त्यानंतर कोळी लोक तळ्यात जाळी टाकतात. म्हणजे दुपारी बाराला चढलात की जेवण, चहा, केळ्याची भजी यात चार-पाच तास फिरणं आणि मग अख्खी रात्र एका जागी बांधलेल्या बोटीत एसी लावून झोपणं. पैसे मात्र चांगल्या हॉटेलपेक्षा जास्त.

सरकारी बोटी म्हणजे केरळ सरकारच्या जलवाहतूक खात्याच्या. 1968 साली सुरू झालेलं हे खातं, मुख्य ऑफिस आलेप्पीतच. आपली जशी लालपरी तशी त्यांची ही बोट. शाळेची पोरं, मासे घेऊन निघालेल्या बायका, ऑफिसवाले सगळे त्यातूनच जातात-येतात आणि तिकीट इतकं किरकोळ की दोघांच्या प्रवासात चहा-वड्याचे पैसे जातील फक्त. तिकीट आधी काढायची गरज नाही, कंडक्टर बोटीतच येऊन देतो, सुटे पैसे ठेवा म्हणजे झालं.

आलेप्पीची जेट्टी एसटी स्टँडला लागूनच आहे. मुंबई, पनवेल, रत्नागिरीकडून येणाऱ्यांना नेत्रावती एक्सप्रेस थेट आलेप्पीला सोडते (स्टेशनवर पाटी अलप्पुळा अशी दिसेल, गोंधळू नका), तिथून रिक्षा केली की जेट्टी. एक अडचण आहे, बोटींवरच्या पाट्या बऱ्याचदा फक्त मल्याळममध्ये असतात. त्यामुळे अंदाजाने चढू नका, जेट्टीवरच्या चौकशीच्या खिडकीवर जाऊन "कोट्टायम बोट?" एवढं विचारा, ते हाताने दाखवतात. परतीची वेळही तेव्हाच विचारून घ्या, कारण लांबच्या बोटी दिवसातून मोजक्याच सुटतात आणि वेळा बदलत असतात, जुन्या व्हिडिओतल्या टाइमटेबलवर भरवसा ठेवून गेलात तर जेट्टीवर बसून राहाल.

आता रूट. सगळ्यात भारी आलेप्पी ते कोट्टायम, साधारण अडीच तास. सुरुवातीला शहरातला कालवा, मग पुन्नमडा, जिथे नेहरू ट्रॉफीची सापबोटींची शर्यत होते, तिथून एकदम उघडं तळं लागतं आणि मग कुट्टनाडची शेतं. इथे मोबाईल खाली ठेवा आणि बांधाच्या पलीकडे बघा, कारण तिथे भातखाचरं पाण्याच्या पातळीच्या खाली आहेत. तुम्ही बोटीत वर आणि शेतातला माणूस खाली, मधे फक्त मातीचा नाहीतर दगडाचा बांध. तळ्यात बांध घालून, आतलं पाणी उपसून ही जमीन काढलीये, त्यातले आर ब्लॉक, चित्तिरा, मार्तंडम हे मोठे तुकडे या भागातच येतात. समुद्रसपाटीच्या खालची ही शेती म्हणून 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने तिला जागतिक महत्त्वाच्या शेती वारशाच्या यादीत घेतलं. कोकणात खारभूमीचे बांध बघितलेल्यांना प्रकार लगेच कळेल, फक्त इथे तो नजर पोचेल तिथपर्यंत आहे. पुढे कांजिरमच्या बाजूला कालवा अरुंद होतो आणि गावातले छोटे पूल बोट आली की वर उचलतात, लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना तळ्यापेक्षा हेच जास्त आवडतं.

कुठल्या दिशेने जायचं हे कोणी सांगत नाही पण फरक खूप पडतो. आलेप्पी पश्चिमेला आणि कोट्टायम पूर्वेला, म्हणजे सकाळी आलेप्पीहून निघालात तर ऊन सरळ तोंडावर, फोटो सगळे पांढरे. त्यामुळे सकाळची बोट कोट्टायमहून पकडा, आलेप्पीहून निघणार असाल तर दुपारनंतरची घ्या, दोन्हीत सूर्य पाठीशी राहतो. आणि यातच एक चांगली सोय होते बघा, थेक्कडीहून आलेप्पीला येताना सगळे गाडीने थेट येतात, त्याऐवजी कोट्टायमला उतरून रात्र काढा आणि सकाळी कोडिमता जेट्टीवरून बोटीने आलेप्पीत या. ड्रायव्हरवाली गाडी असेल तर त्याला बॅगा घेऊन रस्त्याने पुढे पाठवा. उन्हाळ्यात कधीकधी जलपर्णीमुळे किंवा पुलाच्या कामामुळे बोट कांजिरमपर्यंतच जाते, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला जेट्टीवर फोन करायला सांगा.

एवढा वेळ नसेल तर मुहम्मा ते कुमरकोम करा, चाळीसेक मिनिटांत तळं आडवं पार होतं. मुहम्मा आलेप्पीच्या उत्तरेला, बसने जाता येतं. वाटेत पातिरामणल बेट दिसतं, झाडीने गच्च. सूर्यास्त पाण्यावर हवा असेल तर संध्याकाळी कुमरकोमहून मुहम्म्याकडे येणारी बोट घ्या, तेव्हा तोंड पश्चिमेकडे असतं. अजून उत्तरेला वायकोम ते तवणक्कडवू असा छोटासा फेरा आहे, पंधरा-वीस मिनिटांचा, तिथे 2017 मध्ये आदित्य नावाची देशातली पहिली सोलर फेरीबोट सुरू झाली, 75 सीटची. डिझेलचा धडधडाट नाही त्यामुळे बोलणं ऐकू येतं. वायकोमला जाताच आहात तर ज्या देवळाभोवतीचे रस्ते सगळ्या जातींना खुले व्हावेत म्हणून 1924-25 चा सत्याग्रह झाला ते देऊळही बघून घ्या, जेट्टीपासून जवळच आहे.

जागा कशी पकडायची? इंजिनाच्या मागे बसू नका, आवाज आणि धूर दोन्ही. पुढच्या बाजूला खिडकीशी बसा, खिडक्यांना काच नसते त्यामुळे वारा आणि फोटो दोन्ही मिळतात, पाऊस आला की ताडपत्रीचे पडदे खाली सोडतात आणि मग मात्र काही दिसत नाही. शाळा-ऑफिसच्या वेळेला गर्दी असते, त्या लोकांची ती रोजची बस आहे हे लक्षात ठेवा, दारात ट्रायपॉड लावून उभं राहू नका. टपावर किंवा कठड्यावर चढायचं नाही. 2002 च्या जुलैत याच मुहम्मा-कुमरकोम मार्गावर खचाखच भरलेली बोट बुडून 29 माणसं गेली. तेव्हा बोट फार भरलेली वाटली तर सरळ सोडून द्या आणि लाइफ जॅकेट कुठे ठेवलेत ते बसल्याबसल्या बघून घ्या.

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण यात एक मेख आहे. तण्णीरमुक्कमला तळ्यावर आडवा बंधारा आहे, समुद्राचं खारं पाणी भाताला लागू नये म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास त्याची दारं बंद करतात, मग दक्षिणेकडचं पाणी गोडं आणि साचलेलं राहतं आणि जलपर्णी माजते. पुण्याच्या लोकांना नदीवरची जलपर्णी बघायला एवढ्या लांब जायची गरज नाही, त्यामुळे मोकळं पाणी हवं असेल तर नोव्हेंबरच बरा. जून-जुलैत हिरवं गच्च असतं पण पडदे खाली असतात, वर सांगितलंच.

म्हातारी माणसं बरोबर असतील आणि लाकडी बाक झेपत नसेल तर त्याच खात्याच्या पर्यटनासाठीच्या बोटी आहेत, वेगा ही एसीवाली आणि सी कुट्टनाड ही दोन मजली, वरचा मजला मोकळा. सीट आधी बुक करा, सुट्टीत पटकन भरतात. अगदी अरुंद कालवे, जिथे बायका पायरीवर भांडी घासताना दिसतात, तिथे मात्र यातलं काहीच जात नाही, त्यासाठी तासावर मिळणारी लहान होडी घ्या, भाव आधी ठरवा आणि इंजिनवाली नाही वल्ह्याची पाहिजे हे दोनदा सांगा. पाण्याची बाटली आणि खायचं बरोबर घ्या, साध्या फेरीबोटीत काही विकायला येत नाही, आणि बाथरूमला जायचं ते जेट्टीवरच जाऊन या.