तेल-शेंदराच्या मूर्तीचं थ्रीडी मॉडेल कसं करावं

बलसाणे किंवा पाटण इथल्यासारखं संरक्षित देऊळ असेल, तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आधी काढा. ट्रायपॉडलाही ती लागते. पारावरच्या मारुतीसाठी पुजाऱ्याला विचारा.

मूर्तीचे चहूबाजूंनी फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरने ते जोडून मॉडेल करायचं. फोटो काढणं अवघड नाही. 50 मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/8, सगळं मॅन्युअल, फाइल रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल). तीन उंचींवरून दर 15 अंशांवर एक फोटो. भिंतीतली मूर्ती असेल तर अर्धवर्तुळ पुरतं. मूर्तीशेजारी दोन मोजपट्ट्या ठेवा.

घोडं अडतं ते चकाकीपाशी. आपल्याकडचा काळा दगड, त्यावर तेलाची पुटं. कॅमेरा सरकला की चकाकीचा ठिपकाही सरकतो. सॉफ्टवेअर त्याला दगडावरची खूण समजतं आणि मूर्तीच्या गालावर खड्डे पाडतं. यावर ‘मूर्ती धुऊन घ्या’, ‘टाल्कम फवारा’ असले सल्ले मिळतात. ऐकू नका. पावडर तेलात रुतून बसते, आणि शेंदूर खरवडणं म्हणजे पुरावाच खरवडणं.

उपाय ध्रुवीकरणाचा, म्हणजे फक्त एका दिशेत कंप पावणारा प्रकाश वापरण्याचा. लेन्सवर बसणाऱ्या रिंग फ्लॅशपुढे पोलरायझर फिल्म चिकटवा आणि लेन्सला सीपीएल (फिरवता येणारा पोलरायझर) फिल्टर लावा. मूर्तीच्या तेलकट खांद्याचे चाचणी-फोटो घेत फिल्टर थोडा थोडा फिरवा. चकाकी विझली की फिल्टरची कडी टेपने पक्की करा; ती हलली तर पुढचे सगळे फोटो वाया. फ्लॅश वेगळ्या स्टँडवर नको. कॅमेरा उभा-आडवा करताच दोन्ही फिल्टरांचा कोन बिघडतो.

फिल्टर बराच प्रकाश खातात, म्हणून फ्लॅश पूर्ण ताकदीवर आणि आयएसओ 400 पर्यंत. शटर 1/160. आता फ्लॅश बंद करून एक फोटो घ्या. तो काळाकुट्ट आला पाहिजे. नाही आला, तर बाहेरचं ऊन आत शिरतंय आणि त्याची चकाकी फिल्टर पूर्ण मारणार नाही. दाराला जाड चादर लावा. पारावरची मूर्ती असेल तर सरळ अंधार पडल्यावर या.

चांदीचे डोळे मात्र या पद्धतीत काळे पडतात. धातूवर ही युक्ती चालत नाही. ते काढायला लावू नका. डोळ्यांचे फोटो पांढऱ्या कापडातून गाळलेल्या उजेडात वेगळे घ्या.

फोटो जोडून मॉडेल बनवण्याचं पुढचं काम मेटाशेप हे सॉफ्टवेअर करतं. फुकटात हवं असेल तर मेशरूम. एका मोजपट्टीवरून माप द्या, दुसरी मॉडेलवर मोजा. हातभर उंचीच्या मूर्तीत एक मिमीपेक्षा जास्त फरक आला, तर सॉफ्टवेअरमध्ये पट्टीवरच्या खुणा पुन्हा लावा.