शिडांच्या युद्धनौकांचा पहिला डाव: या चुका टाळा

शिडांच्या युद्धनौकांचा मिनिएचर खेळ, म्हणजे टेबलावर छोट्या प्रतिकृतींनी खेळायची लढाई, मित्रांसोबत प्रथमच मांडला जातो, तेव्हा तो फसण्याचे कारण नियमांची काठिण्यपातळी हे क्वचितच असते. जमिनीवरच्या लढाईच्या खेळांची सवय असलेले खेळाडू जहाजालाही रणगाड्याप्रमाणे हवे तिकडे वळवू पाहतात आणि वारा आड आला की त्यांना खेळच सदोष वाटू लागतो. वॉरलॉर्ड गेम्सचा २०१९ साली आलेला, १:७०० प्रमाणातील ‘ब्लॅक सीज’ हा खेळ समोर ठेवून हे लिहीत आहे. तथापि शिडांच्या युद्धनौकांच्या काळावरील बहुतेक नियमावल्यांना यातील बरेचसे लागू पडेल.

सर्वांत महागात पडणारी चूक मांडणीतच होते. दोन आरमारे टेबलाच्या दोन टोकांना समोरासमोर ठेवली जातात आणि वाऱ्याची दिशा फाशावर सोडली जाते. वारा नेमका एका टोकाकडून आला, तर दुसऱ्या बाजूच्या खेळाडूंचा डाव पहिल्या फेरीतच खुंटतो. आडव्या चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या उगमाच्या दिशेशी साधारण ६५ ते ७० अंशांहून कमी कोन करून पुढे सरकू शकत नाही, त्यामुळे शत्रू समोर दिसत असूनही त्याच्याकडे सरळ जाता येत नाही. पहिल्या डावात वारा टेबलाच्या लांब कडेकडून आडवा वाहतो असे ठरवावे, म्हणजे दोन्ही आरमारांना तो कुशीवर, म्हणजे जहाजाच्या बाजूवर, मिळतो आणि कोणावरही अन्याय होत नाही. वाऱ्याचा बाण सर्वांना बसल्या जागेवरून दिसेल एवढा मोठा असावा, आणि निदान सुरुवातीच्या फेऱ्यांत वारा बदलू नये. एखादे जहाज वाऱ्यात नाक खुपसून अडकलेच, तर नियम शिथिल करण्याची घाई करू नये. वाऱ्याला पाठ देऊन मोठा फेर घेणे हा वेळखाऊ परंतु खात्रीचा मार्ग असतो, हे त्या खेळाडूला तेव्हाच समजावून सांगावे. वाऱ्याची वरची बाजू, म्हणजे वारा येतो ती बाजू, मिळवण्यासाठी त्या काळचे कप्तान तासन्‌तास का झगडत असत, हे अशा एका फेऱ्यात जेवढे कळते तेवढे वाचून कळत नाही.

दुसरी चूक हौसेपोटी होते. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी स्पेनच्या किनाऱ्याजवळ ट्रफाल्गर येथे ब्रिटिशांची २७ आणि फ्रेंच-स्पॅनिश आरमाराची ३३ मोठी जहाजे समोरासमोर आली होती, आणि तोच देखावा उभा करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पहिल्या दिवशी मात्र प्रत्येकाच्या हाती एक फ्रिगेट (मध्यम आकाराची चपळ युद्धनौका), फार तर जोडीला एक ब्रिग (दोन डोलकाठ्यांचे छोटे जहाज), एवढेच द्यावे. ज्याने नियम नीट वाचले आहेत त्याने स्वतः न खेळता पंच व्हावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. खेळत खेळत नियम सांगणाऱ्याच्या हेतूविषयी नकळत शंका येते आणि वाद वाढतात.

अंतर कोठून मोजायचे, डोलकाठीपासून की प्रतिकृतीखालच्या बैठकीच्या कडेपासून, हे नियमपुस्तकात पाहून पहिल्या हालचालीआधीच सर्वांना सांगावे.

तोफा दूरवरूनच डागण्याची घाई अनेकांना नडते. कित्येक नियमावल्यांत पहिल्या भरलेल्या ब्रॉडसाइडला (एका कुशीच्या सर्व तोफांच्या एकत्रित माऱ्याला) विशेष लाभ असतो, कारण ती लढाईपूर्वी सावकाश व काळजीपूर्वक भरलेली असे. तो लाभ लांब पल्ल्यावर वाया घालवू नये. जहाजाची खरी ताकद दोन्ही कुशींत असते आणि पिछाडी कमकुवत असते, म्हणून शत्रूच्या पिछाडीला आडवे जाऊन केलेला एक मारा समोरासमोरच्या अनेक माऱ्यांना भारी ठरतो.

साहित्याचीही थोडी काळजी घ्यावी. दोऱ्यांचे जाळे बसवलेले जहाज नेहमी बैठकीला धरूनच उचलावे. घरी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लॅस्टिकमध्ये छापलेली जहाजे उन्हाळ्यात बंद मोटारीत ठेवली, तर डोलकाठ्या वाकतात. कागदी खुणा पंख्याच्या वाऱ्याने उडतात, त्यामुळे त्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवाव्यात. रंगकाम व दोऱ्यांची रचना समजून घेण्यासाठी मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या पारशी घराण्याने सागवानात बांधलेल्या, १८१७ साली पाण्यात उतरलेल्या ‘ट्रिंकोमाली’ या फ्रिगेटची छायाचित्रे अवश्य पाहावीत. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे.

शत्रूचे शेवटचे जहाज बुडेपर्यंत खेळण्याचा हट्टही सोडावा. लाकडी जहाजे तोफांनी सहसा बुडत नसत, ती शरण येत. ट्रफाल्गरच्या प्रत्यक्ष लढाईत नष्ट झालेले जहाज ‘अशिल’ हे एकच होते, आणि तेही आग लागून स्फोटाने. निम्मी जहाजे शरण आली किंवा ठरलेल्या फेऱ्या संपल्या की डाव संपला, असे आधीच ठरवावे.

मराठी मंडळींच्या टेबलावर मुंबईजवळच्या खांदेरी बेटासाठी १६७९ मध्ये झालेल्या लढाईचा विषय निघणारच, आणि तो निघावा असे मलाही मनापासून वाटते. त्या संग्रामात वल्ह्यांवर चालणारी मराठ्यांची गलबते वाऱ्यावर अवलंबून असलेल्या इंग्रजी जहाजांशी भिडली होती आणि ‘डव्ह’ हे इंग्रजी जहाज मराठ्यांच्या हाती पडले होते. परंतु एका बाजूला वारा बांधतो आणि दुसरीला तो तितकासा बांधत नाही, असा हा विषम सामना आहे. त्यातील रंगत वाऱ्याचे गणित अंगवळणी पडलेल्या खेळाडूंनाच कळेल, म्हणून त्याची मांडणी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीसाठी राखून ठेवावी आणि वल्हेकऱ्यांच्या थकव्याचा नियम त्यात आवर्जून घालावा.