अवेळी पाऊस आणि घरचं कंपोस्ट : या चुका टाळा

२०२५ साली मुंबईत मान्सून २६ मे रोजीच दाखल झाला. एरवीची तारीख ११ जून. पुण्यात तर त्याआधीपासूनच रोज संध्याकाळी झोडपणं चालू होतं. आमच्या गच्चीवर कंपोस्टचा ड्रम आहे, शेजारी पालापाचोळ्याची दोन पोती उघडीच ठेवलेली. 'जूनच्या पहिल्या आठवड्यात आत घेऊ' म्हणत राहिलो आणि पोती चिंब भिजली. चार दिवसांनी जिना चढतानाच आंबूस, कुजकट वास आला. ड्रमचं झाकण काढलं तर आत काळा चिखल.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच : कॅलेंडर बघून तयारी करणं. पुण्यात बरीच पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि तेव्हाच ती पानं झाडून पेटवलीही जातात. जीव हळहळतो ते पाहून, कारण ड्रममधल्या ओल्या कचऱ्यात मिसळायला पावसाळाभर लागणारा कोरडा माल तोच असतो. गुढीपाडव्यापर्यंत त्याची बेगमी करा, पोत्यांची तोंडं बांधा आणि ती जिन्याखाली किंवा घरात ठेवा. गच्चीवर नको.

वास सुटला की लोक फिनेल ओततात किंवा सगळं उचलून घंटागाडीत देतात. दोन्ही करू नका. पाण्याने हवेच्या जागा बुजल्या की हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेशिवाय जगणारे वाढतात. दुर्गंधी त्यांची असते. म्हणजे औषध एकच, हवा. सगळा माल घमेल्यात काढा, पाणी निथळू द्या. पाचोळा भिजला असेल तर सुताराकडचा लाकडाचा भुसा (प्लायवुडचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात), नारळाच्या शेंड्या, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून मिसळा. ड्रमच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा आणि एक दिवसाआड माल खालीवर करा. आमच्याकडे आठवड्याभरात वास गेला, मातीचा वास यायला लागला.

पाणी किती आहे हे कसं ओळखायचं? मूठभर माल घट्ट दाबा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर कोरडा माल घाला. मूठ उघडल्यावर भुगा सांडला तर पाणी शिंपडा. एप्रिलमधली रोज तांब्याभर पाणी घालायची सवय ढगाळ मे महिन्यात तशीच चालू राहते, तिथेच घात होतो. कुंड्यांचंही तेच : आधी बोट मातीत खुपसा, मग पाणी घाला.

त्यात मे महिना आंब्यांचा. साली फार पाणी सोडतात आणि चिलटं बोलावतात. एक ओंजळ साली टाकल्या तर वर दोन ओंजळी पाचोळा हवाच. कोयी मात्र ड्रममध्ये टाकू नका. त्या महिनोन्‌महिने तशाच राहतात, नाहीतर उगवतात. वाळू न देता कुंडीत लावा.

जाड, करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, कीटकनाशक तर मुळीच नको. त्या सोल्जर माशीच्या असतात. चावत नाहीत, ओला कचरा भराभर खातात. फार झाल्या तर समजा की ओलं जास्त झालंय.

काळजी करावी ती ड्रमखालच्या ताटलीची. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो आणि त्याची अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही. पहिल्या सरीनंतर दर आठवड्याला ताटली काथ्याने घासून, कडा पुसून उन्हात पालथी घाला. ऊन नसेल तर कापडाने कोरडी करा.