दीडला दिवे लागतात: मुंबईत क्लब-लाउंजची रात्र कशी आखावी

मुंबईत रात्री बाहेर पडायचं असेल तर आधी परतीचं ठरवा, मग जागेचं. पब, लाउंज, परमिट रूम, बहुतेक सगळ्यांना रात्री १:३० ला बंद करावंच लागतं. जानेवारी २०२० मध्ये चोवीस तास मुंबईचं धोरण आलं, तेव्हा आता पहाटेपर्यंत बार उघडे राहणार असा बऱ्याच जणांचा समज झाला. ती मुभा दुकानं, मॉल आणि खाण्याच्या ठिकाणांना होती. दारूची वेळ दीडचीच राहिली. काही पंचतारांकित हॉटेलांतले क्लब त्यापुढे चालतात, आणि ३१ डिसेंबरला पहाटे ५ पर्यंत सूट मिळते. एरवी लास्ट ऑर्डर एकच्या सुमारास घेतात आणि दीडला दिवे लावून तुम्हाला उठवतात.

चर्चगेटहून बोरिवलीची शेवटची लोकल साधारण १ वाजता सुटते आणि पाव तासात लोअर परळला येते. विरारची त्याच्याही आधी. मध्य रेल्वेवर ठाणे-डोंबिवलीकडे जाणाऱ्यांनी बाराच्या पुढे घड्याळावर नजर ठेवावी. लोअर परळच्या कमला मिल्सपासून, म्हणजे क्लबांनी भरलेल्या जुन्या गिरणीच्या आवारापासून, करी रोड स्टेशन चालत जाण्याजोगं आहे, पण तिथे फक्त धीमी गाडी थांबते. शनिवारी रात्री दुरुस्तीसाठी रेल्वेचा ब्लॉक असेल तर सगळं गणित कोलमडतं, म्हणून निघण्याआधी एम-इंडिकेटर अ‍ॅप बघाच. भुयारी मेट्रो ३ जाताना सोयीची आहे; बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) किंवा वरळीला कोरड्या कपड्यांनी पोहोचता येतं. रात्री साडेदहाच्या पुढे मात्र तिचा उपयोग नाही.

म्हणजे पर्याय दोन: साडेबाराला उठून लोकल पकडायची, किंवा टॅक्सीचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढायचे. ‘बघू नंतर’ म्हणणारे दीड वाजता भर रस्त्यात दुप्पट भाडं बघत उभे असतात, कारण सगळे क्लब एकाच मिनिटाला रिकामे होतात. टॅक्सी करायचीच तर एक दहाला बिल मागवा. कमला मिल्स किंवा तोडी मिलच्या आत गाडी बोलावू नका, ती गेटवरच अडकते. सेनापती बापट मार्गावर चालत या आणि तिथून बुक करा. काळी-पिवळी मिळाली तर रात्री १२ ते ५ मीटरवर २५ टक्के जादा, हा अधिकृत दर आहे. त्याहून जास्त मागत असेल तर दुसरी बघा. रिक्षा वांद्रे-सायनच्या दक्षिणेला येतच नाहीत, हे उपनगरातले लोक दर वेळी विसरतात.

आता जागा. गप्पा मारायच्या तर लाउंज, नाचायचं तर क्लब. हे आधी ठरलं नाही तर चार जणांत दोन रुसतात. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात दोन्ही खच्चून आहेत. १९८२ च्या संपानंतर जिथले भोंगे थांबले तिथे आता डीजे वाजतो. जुन्या गिरणगावकराला हे सांगताना आवाज जरा खाली ठेवावा. खार-वांद्र्याला जागा लहान, गर्दी तरुण. अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोडच्या बाजूला मोठे फ्लोअर आणि सिनेमा-मालिकावाले. बीकेसीत शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर येणाऱ्यांची गर्दी असते. कुलाब्यात लिओपोल्ड आणि माँडेगार बसायला उत्तम, पण तो क्लब नव्हे. परगावच्या पाहुण्यांसाठी एक खुलासा: ‘लेडीज बार’ किंवा ऑर्केस्ट्रा बार हा वेगळाच प्रकार आहे, रिक्षावाल्याला नुसतं ‘चांगल्या बारला घे’ म्हणू नका.

गच्चीवरचं लाउंज घेणार असाल तर लवकर जा. उघड्यावरच्या ध्वनिवर्धकाला रात्री १० नंतर बंदी आहे, त्यामुळे फोटोत दिसणारी धमाल दहाला कुजबुजीवर येते. साडेसातला गच्ची आणि दहानंतर बंद दाराआडचा क्लब, हा क्रम बरोबर. ड्राय डेही तपासा: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस.

दारावर तीन गोष्टींवरून वाद होतात: वय, पाय आणि जोडी. महाराष्ट्रात बियर-वाइनला २१ आणि व्हिस्की-रम-व्होडकाला २५ वर्षं पूर्ण लागतात. २३ वर्षांचा मित्र आत जाईल, त्याला व्हिस्कीचा पेग देणं मात्र बेकायदा. ओळखपत्राचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालेलच असं नाही. मूळ कार्ड किंवा डिजिलॉकर ठेवा. कायद्याने पिण्याचा परवानाही लागतो: एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आजीवन १,०००. आजीवन काढून टाकला की विषय संपला.

पायात चप्पल किंवा सँडल असेल तर पुरुषांना सरळ परत पाठवतात. हाफ पँटचंही तेच. पावसाळ्यात लोक हटकून इथे फसतात. बूट पिशवीत घेऊन जा, दाराशी बदला. नुसत्या मुलग्यांचा घोळका, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘स्टॅग’, शनिवारी बहुतेक ठिकाणी नको असतो. पाच मित्र असाल तर टेबल आधी फोनवर बुक करा आणि त्याच फोनमध्ये नेमकं विचारा: ‘स्टॅगला कव्हर आहे की एंट्री?’ कव्हर म्हणजे तेवढ्याचं खाता-पिता येतं. एंट्री म्हणजे गेलेले पैसे. गेस्ट लिस्टवर नाव असलं तरी ती बहुतेक दहा-साडेदहाला बंद होते.

बिलाचं गणित एकदा समजून घ्या. समजा चौघांची दारू ६,००० आणि खाणं २,००० झालं. दारूवर व्हॅट १० टक्के, ६०० रुपये. खाण्यावर जीएसटी ५ टक्के, १०० रुपये. एकूण ८,७००. मोठ्या हॉटेलात दोन्ही कर जास्त बसतात. याच्या खाली १० टक्के सेवा शुल्क लावलं असेल तर ते कर नाही, ऐच्छिक आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते सक्तीचं करता येत नाही असं म्हटलं. शांतपणे ‘हे काढा’ म्हणा. वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. वेटरने रात्रभर नीट पाहिलं असेल तर तेच पैसे त्याच्या हातात रोख द्या.

मेनूत दर न लिहिलेली बाटली कधीही मागवू नका. डेटिंग अ‍ॅपवर ओळख होऊन पहिल्याच भेटीत समोरची व्यक्ती एका ठरावीक, नाव न ऐकलेल्या क्लबचाच आग्रह धरत असेल तर सावध व्हा. महागडे पेय मागवायचं, तिने निघून जायचं आणि बिल तुमच्या गळ्यात, अशा तक्रारी मुंबईत पोलिसांपर्यंत गेल्या आहेत. जागा तुम्ही सुचवा. तिथेच अर्धी फसवणूक टळते.

पिण्याचं माप: स्मॉल ३० मिली, लार्ज ६० मिली. कॉकटेलमध्ये किती दारू आहे हे चवीवरून कळत नाही, साखर ते झाकते. पोटात आधी काहीतरी जड हवं. नुसत्या शेंगदाणा-मसाल्याच्या चकण्यावर तीन लार्ज झेपत नाहीत. प्रत्येक पेगमागे एक ग्लास पाणी. स्वतःचा ग्लास टेबलावर टाकून फ्लोअरवर जाऊ नका. गाडी आणली असेल तर एक थेंबही नको: १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शनिवारी रात्री नाकाबंदी ठरलेलीच.

आत शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत दुसरा दरवाजा शोधा. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिल्समधल्या गच्चीवरच्या आगीत १४ जण गेले. बरेच जण शौचालयात आसऱ्याला शिरले आणि धुराने गुदमरले. आग दिसली तर शौचालयाकडे नाही, जिन्याकडे. आपत्कालीन दारासमोर खोकी रचलेली असतील, किंवा ते कुलूपबंद असेल, तर कव्हर सोडून द्या आणि निघा. हुक्का मात्र कुठेच मागू नका; २०१८ पासून हुक्का पार्लरवर राज्यात बंदी आहे.

दीडनंतर भूक लागतेच. कुलाब्यात ताजच्या मागे बडे मियाँ, जुहूला कूपर हॉस्पिटलजवळ अमर ज्यूस सेंटरची पावभाजी, आणि स्टेशनबाहेर अंडा भुर्जी-पावची गाडी. सायकलवरचा चहावाला कुठेही भेटतो, त्याला सुटे पैसे द्या. पहिली लोकल पहाटे चारच्या सुमारास सुटते. तोवर थांबणार असाल तर निर्जन फलाटावर नको, चोवीस तास उघड्या कॅफेत बसा. एकट्या मुलीने रात्री महिलांच्या त्याच डब्यात चढावं जिथे पोलीस बसलेला दिसतो. काही वेडंवाकडं वाटलं तर १०३ किंवा ११२.