ठिपक्यांच्या रांगोळीचा फ्रॅक्टल आणि झटक्यानंतरचं मन

पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेल्या साधारण तिघांमागे एकाला पुढे नैराश्य येतं. घरात मात्र सगळ्यांचे डोळे हातापायांवर लागलेले असतात. मेंदूला झालेली इजा आणि हातची गेलेली कामं, दोन्ही मिळून मन खचवतात. म्हणून फिजिओथेरपीच्या वेळापत्रकात मनासाठीही रोजची पंधरा मिनिटं ठेवा. हा उपचाराला पर्याय नाही. रोज हाताला काम मिळावं आणि मनाचा अंदाज घरच्यांना यावा, एवढ्यासाठी आहे.

काम म्हणून ठिपक्यांची एक रांगोळी घ्या, पण नेहमीची नको. १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी अर्ध्यात सोडली की अर्धीच दिसते, आणि घर एकहाती सांभाळलेल्या माणसाला ते अर्धेपण फार टोचतं. शेरपिन्स्की त्रिकोणाचं तसं नाही. हा स्वसदृश आकार, म्हणजेच फ्रॅक्टल आहे: त्याचा तुकडा अख्ख्यासारखाच असतो. २ ओळींवर थांबलात तरी चित्र पुरं, ४ वर पुरं, ८ वर पुरं.

सामान थोडंच लागतं. ३५ बाय ३५ सेंटिमीटर प्लायवूड घ्या आणि पाण्याच्या बाटल्यांची ३६ झाकणं: २७ निळी, ९ पांढरी. फळीवर त्रिकोणाच्या आकारात, आठ ओळींत १, २, ३ असे वाढत ८ पर्यंत ठिपके काढा. शेजारच्या दोन ठिपक्यांत साडेतीन सेंटिमीटर आणि दोन ओळींत तीन सेंटिमीटर अंतर ठेवा. जमिनीवर वाकायला लावू नका, फळी टेबलावर ठेवा. खाली ओलं फडकं घाला, नाहीतर एका हाताने काम करताना ती सरकते. डाळी-कडधान्यं टाळा. झटक्यानंतर बऱ्याच जणांना गिळायला त्रास असतो आणि बधिर बोटांना बारीक दाणा जाणवत नाही. अधू हात वापरायचा की नाही, हे फिजिओथेरपिस्टना विचारून ठरवा.

नियम एकच. दोन्ही कडांना निळं झाकण. मधल्या ठिपक्यासाठी डोक्यावरची दोन झाकणं बघायची: रंग वेगवेगळे असतील तर निळं, सारखे असतील तर पांढरं. प्रत्येक ओळीत निळी झाकणं अनुक्रमे १, २, २, ४, २, ४, ४, ८ येतात. दुसरी, चौथी आणि आठवी ओळ संपूर्ण निळी यायला हवी. चौथीच्या मध्ये दोन पांढरी आली, तर तिसरीतलं मधलं झाकण निळं लागलंय. चूक खाली त्रिकोणासारखी पसरत जाते, म्हणून दुरुस्ती नेहमी वरून सुरू करा.

यामागे मेरुप्रस्तार आहे. पिंगलाच्या छंदःसूत्रावर टीका लिहिताना हलायुधाने दहाव्या शतकात सांगितलेला हा त्रिकोण शाळेत पास्कलच्या नावाने भेटतो. त्यात कडांना १ असतो आणि मधली प्रत्येक संख्या म्हणजे डोक्यावरच्या दोन संख्यांची बेरीज. त्यातली विषम संख्या म्हणजे निळं, सम म्हणजे पांढरं. रेघेची लांबी दुप्पट केली की मूळ रेघेच्या २ प्रती मावतात, चौरसाची बाजू दुप्पट केली की ४. इथे मावतात ३. म्हणून याची मिती १ आणि २ च्या मध्ये, सुमारे १.५८५ येते. गणिताची आवड असलेल्या माणसाला हे जरूर सांगा. आजारपणात त्याच्याशी लहान मुलासारखंच बोललं जातं, आणि ते त्याला कळतं.

वेळ विश्रांतीनंतरची निवडा. ठाण्याच्या दमट दुपारी किंवा व्यायामानंतर लगेच नको. घड्याळ लावून पंधरा मिनिटांनी थांबाच, मग हुरूप असला तरी. आज जास्त खेचलं तर झटक्यानंतरचा थकवा उद्याचा दिवसही खातो.

आता बघायचं काय? डावीकडचीच झाकणं राहून जात असतील, तर तो आळस नसेल. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की डाव्या बाजूचं भान हरपू शकतं. फळीच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा आणि डॉक्टरांना सांगा. दुःख दिसत नाही, पण सुरुवातच होत नाही, ही उदासीनता नैराश्याहून वेगळी असते. पहिलं झाकण तुम्ही ठेवा, दुसरं हातात द्या. मध्येच अनावर रडू किंवा हसू आलं आणि थोड्या वेळात ओसरलं, तर गलका न करता हळूच दुसरा विषय काढा. भावनांवरचा ताबा सुटण्याच्या या त्रासावर औषध आहे.

गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही का, आणि मन खिन्न होतं का, हे दर पंधरवड्याला विचारा. प्रत्येक प्रश्नाला गुण द्या: कधीच नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळपास रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त झाली तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. वाचा गेली असेल तर हो-नाहीचे चेहरे काढून दाखवा, आणि झोप, भूक, रडणं यांवर लक्ष ठेवा. नैराश्याच्या काही गोळ्यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते, म्हणून रक्त पातळ करणारी औषधं चालू असल्याचं आवर्जून सांगा. मनाने गोळी सुरूही करू नका, बंदही करू नका.

‘ठाण्याला पाठवायचं’ या बोलण्याने खुद्द ठाण्यातली माणसंही प्रादेशिक मनोरुग्णालयाची पायरी चढायला बिचकतात. तिथे ओपीडी आहे, दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मराठीतून बोलता येतं. ‘जगून काय करू’ असं ऐकलंत तर जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. एकटं सोडू नका, औषधांचे डबे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही अचानक दिसलं तर मात्र तडक १०८.

आठ ओळी सहज जमू लागल्या की आणखी दोन फळ्या करा. एक नातवंडांना, एक शेजाऱ्यांना. दोन फळ्या खाली शेजारी-शेजारी आणि एक वर असं मांडलं की सोळा ओळींचा त्रिकोण होतो: १३६ ठिपके, त्यात ८१ निळे. मधला २८ ठिपक्यांचा उलटा त्रिकोण रिकामाच राहतो, त्याला झाकणं लागत नाहीत.