सेमिस्टरआधी लॅपटॉपची झाडाझडती

कॉपीराइटच्या भानगडीत अडकायचं नसेल तर सेमिस्टर सुरू होण्याआधी लॅपटॉप एकदा तपासून घ्या. सगळ्यात आधी, घड्याळाशेजारच्या बारक्या आयकॉनांत टॉरेंटचा (लोकांच्या कॉम्प्युटरवरून थेट फाइली उतरवणारा) प्रोग्राम लपून बसलाय का ते बघा. सुट्टीत कधीतरी टाकलेला असतो, लॅपटॉप सुरू केला की तोही आपोआप सुरू होतो, आणि आपल्याला पत्ता नसतो. टॉरेंटमध्ये नुसतं घेणं नसतंच. फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे इतरांना जायला लागतात आणि ती पूर्ण उतरल्यावरही सीडिंग, म्हणजे इतरांना तुकडे देणं, चालू राहतं. त्यामुळे ‘मी फक्त डाउनलोड केलं’ हे म्हणणं टिकत नाही, कारण वाटलंही तुम्हीच. ती फाइल घेणाऱ्या-देणाऱ्यांचे आयपी अ‍ॅड्रेस एकमेकांना दिसतात, लक्ष ठेवून बसलेल्या हक्कदारांनाही. तक्रार कॉलेजच्या नेटवर्ककडे येते आणि लॉगिन कोणाचं होतं ते तिथल्या नोंदींतून काढता येतं. टॉरेंट मुळात बेकायदा नाही. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या) फाइली लोक त्यावरूनच उतरवतात. काम झालं की प्रोग्राम पूर्ण बंद करा आणि स्टार्टअपच्या यादीतून काढून टाका. व्हीपीएनचा सल्ला देणारा मित्र भेटेलच. व्हीपीएनने अ‍ॅड्रेस झाकला जातो, परवानगी मिळत नाही.

मग पुस्तकं आणि पेपर. ‘त्यावर कॉपीराइटची खूण नव्हती’ ही सबब चालत नाही. बर्न करार (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) मानणाऱ्या देशांत हक्कासाठी नोंदणी लागत नाही, आणि पुस्तकावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षं राहतो. ग्रंथालयाचं लॉगिन पहिल्याच आठवड्यात सुरू करून घ्या. मात्र स्क्रिप्ट लावून जर्नलचे अंकच्या अंक उपसू नका, प्रकाशक अख्ख्या कॉलेजचा अ‍ॅक्सेस बंद करू शकतो. पेपर मिळालाच नाही तर अर्काइव्हवर (arXiv, पेपर मोफत वाचायला मिळणारी साइट) शोधा, नाहीतर सरळ लेखकालाच मेल टाका. आपला पेपर कुणी मागतंय याचा लेखकांना बहुधा आनंदच होतो.

ग्रुपवर पीडीएफ टाकायचा मोह झाला की लिंक टाका. मागच्या बॅचकडून आलेलं ड्राइव्हचं फोल्डर ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडं असेल तर ते आजच बंद करा.

प्रेझेंटेशनसाठी फोटो घेताना क्रिएटिव्ह कॉमन्सची (निर्मात्याने आधीच देऊन ठेवलेल्या परवानगीच्या लायसन्सची) अक्षरं नीट वाचा: बीवाय म्हणजे नाव द्या, एनसी म्हणजे धंद्यासाठी नको, एनडी म्हणजे बदल करून पुढे देऊ नका. त्याच क्षणी शीर्षक, निर्माता, लिंक आणि लायसन्स एका टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवा. ‘फायनल_नवीन_2’ नावाची फाइल कुठून आली हे महिन्याभराने कुणालाच आठवत नाही.

सॉफ्टवेअरचं विद्यार्थी लायसन्स बहुतेक वेळा फक्त शिक्षणापुरतं असतं. पैसे घेऊन केलेलं काम त्यात बसतं का, ते अटींत बघा.

राहिल्या सरांच्या स्लाइड्स. त्या वर्गात मिळाल्या म्हणून आपल्या होत नाहीत. बाहेर द्यायच्या असतील तर एका ओळीचा मेल करून विचारा आणि आलेलं उत्तर त्याच फोल्डरमध्ये ठेवा.