वादी रमचा डे हाईक: गोव्याच्या सवयीने होणाऱ्या या चुका टाळा

जॉर्डनच्या वादी रम या वाळवंटात मी आतापर्यंत तीनदा जाऊन आलो, तिन्ही वेळा आपल्याच गोव्यातला ग्रुप आणि तिन्ही वेळा चुकाही त्याच. सत्तरीचं रान तुडवलेली, भर पावसात चोर्ल्याला चढणारी माणसं असतात ही, नवखी नव्हेत, पण गोची तिथेच होते. ऊन, दगड, पाऊस, अंतर सगळं इथल्या हिशोबाने मोजतात आणि तिथे तो हिशोब लागूच पडत नाही.

जागा अफाट आहे हे कबूल. अकाबाहून गाडीने तासाभरावर, खाली ग्रॅनाइट आणि त्यावर लाल सँडस्टोनचे उभे कडे, वाऱ्यापाण्याने झिजून झालेल्या कमानी, मधाच्या पोळ्यासारख्या भोकाभोकांच्या भिंती. २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. त्यामुळे रीलवाल्यांची गर्दी, असो.

घाम नाही म्हणजे पाणी नको

ही सगळ्यात मोठी चूक. फोंड्याचा एक मित्र आहे, नाव नाही सांगत, वाचून भांडायला येईल. एप्रिलची गोष्ट. बुर्दाच्या कमानीकडे निघालो होतो, पाणी दोनच लिटर घेतलेलं आणि अकरा वाजले तरी अर्धी बाटलीसुद्धा संपलेली नाही. विचारलं तर म्हणतो, "घामच येत नाही रे, आपल्याकडे एव्हाना गंजी पिळून काढली असती." मी मागून चालत होतो, त्याच्या काळ्या टीशर्टच्या पाठीवर पांढऱ्या रेघाच रेघा, मे महिन्यातलं मिठागर जसं. घाम येतच होता हो! हवा इतकी कोरडी की अंगावर टिकतच नव्हता, मीठ तेवढं मागे राहत होतं. आपल्या हवेत घाम वाळत नाही, चिकचिकतो, म्हणून आपल्याला कळतं. तिथे कळायला काही नाही.

बाराला तो गप्प झाला, मग उगाच चिडचिड, मग बुटाची लेस बांधायला खाली बसला आणि दोन्ही टोकं हातात धरून नुसता बघत राहिला, पुढे काय करायचं ते सुचेचना. आमचा गाईड बेदुईन, म्हणजे तिथल्या वाळवंटी टोळ्यांतला, वयाने पोरगाच, पण त्याने लगेच ओळखलं. कड्याच्या सावलीत बसवलं, डोक्यावर ओला रुमाल, मीठ घातलेलं पाणी घोट घोट. दीड तास गेला आणि कमान राहिलीच. हा अजूनही म्हणतो, फक्त डोकं दुखत होतं.

माझी सवय सांगतो, शास्त्रबिस्त्र नाही. माणशी ४ लिटर, त्यातली एक बाटली हातात, कारण बॅगेत ठेवलेलं पाणी कोण पीत नाही. दर पंधरा मिनिटांनी चार घोट, तहान असो नसो. नुसतंच पाणी ढोसूनही चालत नाही, मीठ पोटात जायला हवं, म्हणून मी आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, नेतो, त्यात मीठ आणि थोडी साखर. ओआरएस पण चालतं, मला ती चव आवडत नाही. आणि जून ते ऑगस्ट जाऊच नका, ऑफ सीझनला स्वस्त पडतं म्हणून जाणाऱ्यांना माझा नमस्कार.

चढलो म्हणजे उतरणारच

ही माझी स्वतःची. पहिल्या ट्रिपला वाटेतला एक तिरका कातळ दिसला, वळसा घालून जायला वीस मिनिटं लागणार, म्हटलं सरळ चढू. चढताना झकास, बुटाला मस्त ग्रिप. वर पोचलो तर पुढे वाट नाही. उतरायला वळलो तेव्हा कळलं की या दगडावर त्याचीच सुटलेली वाळू पसरलेली असते, लादीवर नाचणी सांडल्यासारखी. पाय टाकला की सरकतो. आधाराला एक कपचा धरला तर बिस्किटासारखा हातात आला. आपला चिरा खरबरीत, कातळावर पाय बसला की बसला, त्याच भरवशावर मी गेलेलो. चाळीस मिनिटं बसून, ढुंगण घासत उतरलो, पँटची मागची बाजू तिथेच अर्पण. गाईड खाली चहा उकळत बसला होता. एक अक्षर बोलला नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून पाचेक फूट चढलो की लगेच उतरून बघतो. उतरता आलं तरच पुढे. बुर्दाच्या वाटेवर एक उघडा टप्पा आहे, तिथे दोरी आणि माणूस हवाच, "यूट्यूबवर बघितलंय" चालणार नाही. कमानीवर उभं राहून फोटोच हवा असेल तर उम्म फ्रूथ बघा, छोटी चढण आहे, तरी उतरायचं लक्षात ठेवा.

बाकीच्या भराभर सांगतो.

"समोरच तर आहे": हवा स्वच्छ, मध्ये झाड नाही घर नाही, म्हणून लांबचा डोंगर जवळ दिसतो, त्यात वाळूत पाय रुततो. अंदाज येईल त्याच्या दुप्पट वेळ धरा.

पाऊस आला की नाचणं: आपल्याला पावसाचं कौतुक, तिथे ढग दिसले की अरुंद घळीतून बाहेर पडायचं. पाऊस दुसरीकडे पडतो आणि पाणी तुमच्या घळीत येतं. २०१८ च्या नोव्हेंबरात जॉर्डनमधल्याच पेट्रा या प्राचीन शहरातून हजारो पर्यटकांना पुरामुळे बाहेर काढावं लागलं होतं. शिवाय भिजलेला सँडस्टोन कमकुवत होतो, सुकल्याशिवाय त्यावर चढायचं नाही.

फ्लोटर्स: नको. गरम वाळू आत जाते.

खझाली घळीत दगडावर जुनी अक्षरं आणि चित्रं कोरलेली आहेत, अक्षरं थमूडी, नबाती अशा तिथल्या प्राचीन लिप्यांतली. बोट लावू नका. शेजारी स्वतःचं नाव कोरायला निघालेला एक मी बघितलाय, आपल्याच विमानातला.

स्वेटर: "वाळवंटात कशाला?" डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, मग सगळे माझंच ब्लँकेट मागतात.

आणि आगळाची बाटली चेक-इन बॅगेतच घाला, दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून. शेवटच्या ट्रिपला मी शहाण्याने ती केबिन बॅगेत ठेवली, १०० मिलीच्या वरची म्हणून सिक्युरिटीलाच राहिली, आणि तीन दिवस मला तेच ओआरएस प्यावं लागलं.